निंबाच्या सावलीतली प्रतबंदी

ज्या कामाने मला आयुष्यभर अन्न दिले, त्या कामात मी शेकडो जमिनींचे दोष लिहून ठेवले. प्रत्येक दोषाला आमच्या खात्यात एक बारीकशी खूण असे. चुनखडीला एक, रेतीला एक, उताराला एक. माणसांच्या दोषांसाठी अशा खुणा नव्हत्या हे माझे भाग्य. असत्या, तर माझ्या हाताखालच्या दौलतने माझ्या पाठीवर रांगोळी काढली असती.

संपादकमहाशयांनी सणाच्या अंकासाठी काही हसण्याजोगे लिहून मागितले आहे. हसण्याजोगे माझ्यापाशी पुष्कळ आहे. अडचण एवढीच की, त्यातल्या बहुतेक प्रसंगी हसण्याजोगी वस्तू मीच होतो. आता पन्नाशी उलटल्यावर ते कबूल करायला फारसे धैर्य लागत नाही. तेव्हा लागत होते, आणि ते मजपाशी नव्हते.

वऱ्हाडात सरकारी मोजणी सुरू झाली, त्या काळात मी प्रतबंदीचा कारकून होतो. मोजणीदार शेताची लांबीरुंदी मोजून पुढे जाई. त्याच्या मागून मी जाऊन तिथली माती कोणत्या प्रतीची, हे ठरवी. नियम सोपा होता. शेतात तीन ठिकाणी खड्डे घ्यायचे, मातीची खोली हातांनी मोजायची, रंग पाहायचा, ढेकूळ चिमटीत चुरडायचे. पावणेदोन हात खोल काळी माती निघाली की पहिली प्रत. खोली उतरत गेली की प्रतही उतरत जाई. मग दोषांच्या खुणा करायच्या. प्रतीवर शेतसारा बसे, आणि साहेबांच्या तपासणीत प्रत एकदा कायम झाली की एक पिढीभर तिला कोणी हात लावत नसे. म्हणजे माझ्या घटकाभराच्या आळसाला माझ्याएवढेच आयुष्य लाभण्याची सोय होती.

परप्रांतीय वाचकांसाठी थोडे मातीविषयी सांगतो. वऱ्हाडची काळी माती आहे तशी आकाशातून पडलेली नाही. चिखलदऱ्याच्या डोंगरात काळा कातळ उन्हाने तापतो, पावसाने भिजतो, त्याला पापुद्रे सुटतात. पापुद्र्यांचा मुरूम होतो, मुरुमाची माती होते, आणि ती माती पाण्याबरोबर उतरत उतरत सखल जागी येऊन बसते. म्हणून उंचवट्यावरची जमीन हलकी आणि पूर्णेच्या काठची भारी. मी हे ज्ञान साहेबांच्या व्याख्यानातून मिळवले होते आणि एकदा ते दौलतला समजावून सांगू लागलो. दौलत साठीचा, अकोल्याकडचा गडी. खड्डे खणण्यात त्याची हयात गेलेली. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हंजे दगड पिकते अन् माती होते. हे तं आमच्या म्हशीले बी ठाऊक हाये, रावसायेब."

ही माती भारी चमत्कारिक असते. उन्हाळ्यात ती फाटते. भेगा अशा पडतात की, वासराचा पाय अडकावा. वरची माती त्या भेगांत पडते. पावसाळ्यात सगळे फुगते, दाटीवाटी होते आणि खालची माती वर ढकलली जाते. तिच्याबरोबर खालचे चुनखडीचे खडेही वर येतात. शेतकरी यंदा खडे वेचून बांधावर टाकतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तेवढेच खडे पुन्हा त्याची वाट पाहत बसलेले असतात.

त्या दिवसांत अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि सगळे जग वऱ्हाडच्या कापसासाठी हात पुढे करून उभे होते. अकोल्याच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नसे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. या तेजीमुळे शेतकऱ्यावर एक विलक्षण ताण पडला होता. कापसाचा दलाल आला की जमीन सोन्याची आहे असे सांगावे लागे. आम्ही आलो की ती राखेची आहे असे. दोघे वेगवेगळ्या दिवशी आले तर ठीक. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावी आम्ही दोघे एकाच सकाळी आलो.

ज्या वावरात, म्हणजे शेतात, ही गाठ पडली ते उकंडाजींचे. उकंडाजी म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ, पोटानेही आणि शब्दानेही. मला पाहताच त्यांनी मुंडासे काढून हातात घेतले.

"काय सांगू रावसायेब, हे वावर नोहे, दगडाचं पोतं हाये. इथं कुत्रं बी बसाले येत नाई."

तेवढ्यात पलीकडच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दलालाची हाक आली. येत्या हंगामाचा कापूस आधीच बोलून ठेवायला तो आला होता. उकंडाजी मुंडासे घालून तिकडे धावले. वारा आमच्या बाजूला होता.

"शेटजी, माती पाहा माती! इथं पोरगं पेरलं तं पाटील निघन!"

ते धापा टाकत परत आले, पुन्हा मुंडासे काढले. मी विचारले, "त्यांना काय म्हणालात?"

"म्हटलं, जा बाप्पा, इथं काई नाई."

असे चार वेळा झाले. पाचव्या खेपेस त्यांचा गोंधळ उडाला. ते मला म्हणाले, "पाटील निघन," आणि दलालाला दगडाचे पोते दाखवायला गेले.

वावरात चुनखडीचे खडे मात्र खरोखरच जिकडेतिकडे पडले होते. मी एक उचलून पाहिला. तो धुतल्यासारखा पांढराशुभ्र होता. जमिनीतून वर आलेल्या खड्याच्या अंगाला काळ्या मातीचा डाग असतोच असतो, हे मी शिकलो होतो. दौलत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "रावसायेब, हे खडे आंघोळ करून आले वाटते."

मी ऐकले नाही असे दाखवले. खडे खोटे आहेत असे लिहावे, तर पंचनामा आला, साक्षी आल्या, उन्हात दोन तास उभे राहणे आले. चैत्राचे ऊन होते. मी चुनखडीच्या दोषाची खूण केली, खोलीही मनाने थोडी घटवली, आणि उकंडाजींच्या उत्तम काळ्या जमिनीला चौथी प्रत देऊन मोकळा झालो. त्या दिवसाचे हे पहिले पाप.

दुसरे वरच्या अंगाला घडले. उकंडाजींच्या वावराला लागून, चढावर, पुंजाजींचे वावर होते. पुंजाजी आणि उकंडाजी हे साडभाऊ, म्हणजे दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. पुंजाजी उंच, सडपातळ, अबोल. त्यांच्या पत्नी गिरजाबाई कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधत होत्या. सबंध वावरात एकच झाड होते, एक डेरेदार निंब, आणि मला त्या वेळी शेतसाऱ्यापेक्षा, साहेबांपेक्षा, किंबहुना ईश्वरापेक्षाही तो निंब अधिक जवळचा वाटला. मी जाऊन त्याच्या सावलीत उभा राहिलो.

"दौलत, इथेच खण."

"नियमानं तीन जागा लागते, रावसायेब."

"ह्या घे तीन जागा," मी म्हणालो, आणि सावलीच्या तीन कडा त्याला बोटाने दाखवल्या.

पहिल्या खड्ड्यात दोन हात काळी माती निघाली. दुसऱ्यातही तीच. तिसऱ्या जागी एक भेग होती. वेळ वाचवावा म्हणून मी दौलतला नुसती पहार टाकून खोली पाहायला सांगितले. त्याने पहार भेगेत सोडली. ती गेली. गेली ती गेलीच. आम्ही तिघे वाकून पाहू लागलो. आत काळोख होता आणि थोडा गारवा येत होता.

"गियली," पुंजाजी हलकेच म्हणाले, म्हणजे जमिनीने गिळली. सकाळपासून त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

गिरजाबाई मोळी टाकून आल्या. "अवो दादा, तिकडे बी खांदून पाहा नं. तिकडे बोटभर बी माती नाई."

मी त्यांना जे उत्तर दिले ते लिहिताना आजही हात थबकतो. मी म्हणालो, "बाई, हे शास्त्र आहे."

संध्याकाळी चावडीवर प्रती वाचून दाखवल्या. उकंडाजी, प्रत चौथी. पुंजाजी, प्रत पहिली.  मग मागून एकाला हसू आले, आणि ते आवरेना. वीस वर्षे दर सणाला उकंडाजी आपल्या साडभावाच्या जमिनीला टक्कल म्हणत आले होते; आता सरकारने ठरवून दिले होते की, गावात पहिल्या प्रतीची जमीन एकच, आणि ती त्या टकलाची.

वास्तविक पुंजाजींनी त्याच वेळी हरकत घ्यायला हवी होती. पहिली प्रत म्हणजे सर्वांत जड शेतसारा. परंतु ते उठले, त्यांनी उपरणे खांद्यावर नीट घेतले आणि म्हणाले, "साडभाऊ, माह्या वावरानं सरकारची पहार गियली. तुह्यानं काय गियलं?"

दुसऱ्या दिवसापासून ते बोलके झाले. भेगेभोवती त्यांनी काट्यांचे कुंपण घातले. आम्ही पहार काढायला गेलो, तर हात आडवा धरून म्हणाले, "पहिल्या प्रतीत खड्डे खांदाचे नाई." आसपासच्या गावांतून लोक ती भेग पाहायला येऊ लागले. आलेल्याला पुंजाजी आधी पाणी देत आणि मग आत डोकवायला सांगत. एक म्हातारी तर हळदकुंकू वाहून गेली.

तिसऱ्या दिवशी उकंडाजी आमराईत माझ्या राहुटीवर आले. बसले, घाम पुसला.

"रावसायेब, ते खडे गेले."

"कुठे गेले?"

"आपोआप गेले. माती पोटात घेते नं. तुमीच सांगत होते."

"ती वर्षानुवर्षे घेते, उकंडाजी. अजून तीनच दिवस झाले."

"आमची माती घाईची हाये," ते खाली पाहून म्हणाले. मग आवाज आणखी उतरवून, "चौथीची पहिली करा. सारा भरीन. पन घरी बायको जेवाले वाढून नाई राहिली. म्हन्ते, माह्या लहान बहिनीचा नवरा पहिला, अन् माहा चौथा."

सारा वाढवून मागणारा शेतकरी मी त्याआधी पाहिला नव्हता. हसू आवरत मी त्यांची बोळवण केली. ते हसू त्याच दुपारी मावळले, कारण त्यानंतर गिरजाबाई आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि माझ्या चौरंगावर दोन ढेकळे ठेवली. एक काळे, एक तांबूस मुरमाचे.

"हे निंबाखालचं. हे बाकी वावरातलं. आमच्या आजेसासऱ्याच्या येळी आता निंब हाये तिथून नाला वाहे. एका पुरानं त्यानं वाट बदलली, अन् जुना नाला वरून वाहून आलेल्या मातीच्या गायानं भरून गेला. तेवढीच पट्टी खोल हाये, लुगड्याच्या लांबीएवढी रुंद. बाकी सारा उतार. दर पावसात माती धुपून खाली उकंडाजींच्या वावरात जाते. निंब काहून तिथंच वाढला, दादा? झाडाले कळलं ते तुमाले नाई कळलं?"

मी दोन्ही ढेकळे चिमटीत चुरडून पाहिली.

"ह्यायले हुशारकी चढली हाये. पन सारा भराचा कशातून? हे वावर पहिल्या प्रतीचा सारा देईन का? पोरायच्या तोंडचं जाईन. तुमी खोडा ते."

राहुटीबाहेर बसलेला दौलत आकाशाकडे पाहत म्हणाला, "चूक सावलीत झाली, पन उन्हात दिसून राहिली."

लिहिलेली प्रत खोडायची, तर साहेबांना लेखी कारण द्यावे लागे. कारण एकच होते: मला ऊन लागत होते. त्याच हंगामात एका कारकुनाला निष्काळजीपणाबद्दल कमी केलेले मी पाहिले होते. घरी आई होती, धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते. मी गिरजाबाईंना म्हणालो, "बघतो." नोकरीच्या काळात हा शब्द मी अनेकदा वापरला आहे, आणि त्यानंतर काही बघितल्याचे मला स्मरत नाही.

चार दिवसांनी साहेब तपासणीला आले. त्यांच्यासमोर जे कायम होईल ते कायम. आमचे साहेब भले गृहस्थ होते. मराठी ते एका शास्त्रीबुवांपाशी शिकले होते आणि त्यामुळे ती फक्त शास्त्रीबुवांनाच कळे.

"हे कृषीवल," ते पुंजाजींना म्हणाले, "तुझ्या मृत्तिकेची ख्याती आम्ही श्रवण केली."

पुंजाजींनी दौलतकडे पाहिले. दौलत म्हणाला, "सायेब म्हन्ते, वावर दाखव."

सगळा गाव मागे होता. उकंडाजी कुदळ घेऊन स्वतः हजर झाले होते. साडभावाच्या वावरात खणण्याचे पुण्य त्यांना दुसऱ्या कोणाला द्यायचे नव्हते. मी मनातल्या मनात म्हणालो, साहेब चार ठिकाणी खणतील, मुरूम निघेल, प्रत आपोआप उतरेल आणि माझे नाव कोणी घेणार नाही. इतका हिशेबी सुटकेचा विचार मी देवळातही करतो, हे सांगायला नको.

साहेब धुऱ्यावर थांबले. टोपी काढली, कपाळ पुसले, सभोवार पाहिले. मग सरळ निंबाकडे चालू लागले.

"अहा! छाया शीतल आहे," ते म्हणाले. "परीक्षा येथेच करू." आणि त्यांनी छडीने सावलीच्या तीन कडा दाखवल्या. त्याच तीन.

उकंडाजींनी जीव तोडून खणले. काळी माती. पुन्हा खणले. काळी माती. तिसऱ्या जागी भेगेवर कुदळ चालवता चालवता खणकन आवाज झाला आणि खालून आमची पहार निघाली.

"शासनाचे लोह!" साहेब चकित झाले. "इतक्या खोल कसे प्राप्त झाले?"

"गियलं, सायेब!" पुंजाजींचा ऊर भरून आला होता.

साहेबांनी पहारीला हात लावून खोली अजमावली, संतोषाने मान हलवली आणि वही धरून उभ्या असलेल्या आपल्या कारकुनाकडे हात केला. "प्रथम प्रत यथायोग्य. कायम."

मी वाचलो होतो. माझी चूक आता माझी उरली नव्हती. ती साहेबांचीही झाली होती, आणि साहेबांची झाली म्हणजे ती चूक राहिलीच नव्हती. लेखणी दौतीत बुडाली. गर्दीच्या कडेला गिरजाबाई उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी काही करीन अशी आशा त्यांनी सोडून दिली होती आणि त्या वरच्या उताराकडे पाहत होत्या.

मला त्या क्षणी काय झाले हे मी नीट सांगू शकत नाही. त्या रागावल्या असत्या, तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो.

"साहेब," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की दौलतने तो मोठ्याने पुन्हा सांगितला: "सायेब, आमचे रावसायेब काई म्हनून राहिले!"

 मी उकंडाजींच्या हातून कुदळ घेतली आणि सावलीबाहेर, उन्हात चालत गेलो. कुदळ मी जन्मात धरली नव्हती. पहिला घाव माझ्याच जोड्यावर बसला. दुसरा जमिनीवर बसला आणि ठणका थेट खांद्यापर्यंत आला. वीतभरही माती नव्हती. खाली तांबडा मुरूम. मी आणखी वर गेलो, तिथे खणले. मुरूम. आणखी वर. गाव माझ्या मागे मागे चालत होता, जणू वरातच. माझे मुंडासे सुटून गळ्यात आले होते.

शेवटी साहेब उन्हात आले. "लिपिक, हे काय चालविले आहे?"

"साहेब, निंबाखाली जुना नाला बुजलेला आहे. बाकी सारे वावर असे आहे. मी तिन्ही खड्डे सावलीत घेतले होते, कारण..." मी थांबलो. मग खरे ते सांगितले. "कारण ती सावली होती."

साहेबांनी निंबाकडे पाहिले, मग आपल्या टोपीकडे. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला; ऊन किती आणि इतर किती, हे मी ठरवू शकलो नाही.

"छाया," ते सावकाश म्हणाले, "मोहक असते."

पुंजाजींच्या जमिनीला सातवी प्रत लागली. उकंडाजींनी गर्दीतच आपल्या खड्यांची कबुली दिली आणि ते कोणाच्या विहिरीच्या खोदकामातून गाडीने आणले तेही सांगितले, इतकी त्यांना पहिलीची घाई होती. साहेबांनी त्यांना दंड केला आणि पहिली प्रतही दिली. दोन्ही त्यांनी हात जोडून घेतले. मला कमी केले नाही. शिक्षा अशी झाली की, त्या गावात ज्या ज्या वावरात झाड होते, ते प्रत्येक वावर मी भर दुपारी, स्वखर्चाने, पुन्हा तपासावे. त्या गावाने झाडे फार प्रेमाने जपली होती हे मला त्या महिन्यात कळले.

पुंजाजी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. वाटेत भेटले की आभाळाकडे पाहत. त्यांचे आठ दिवसांचे राज्य मी घेतले होते, आणि त्याच्या बदल्यात काय दिले हे त्यांना मान्य नव्हते. मी गाव सोडताना गिरजाबाई धुऱ्यावर भेटल्या. आभार मानतील असे मला वाटले होते. माणूस थोडेसे बरे वागला की लगेच हात पसरतो. त्या माझ्या उन्हाने करपलेल्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "दादा, डोक्यावर ओलं फडकं घेत जा. मंग सावली लागत नाई."

तेव्हापासून घेत आलो. पुढची सगळी वर्षे मी उन्हात खड्डे घेतले, आणि माझ्या प्रतींवर तपासणीत बोट ठेवायला कोणाला जागा मिळाली नाही. याचा मला थोडा अभिमान आहे, आणि तो दौलतसमोर मी कधी बोलून दाखवला नाही.

परंतु त्या गावाच्या आधी मी सात गावे पुरी केली होती. त्यांच्या प्रती कायम होऊन गेल्या होत्या. मी साहेबांना अर्ज केला. उत्तर आले की, कायम ते कायम. त्या सात गावांतही निंब होते, चिंचा होत्या, एका ठिकाणी तर विस्तीर्ण वड होता आणि त्याखाली मला दुपारची झोपही लागली होती. त्या वावरांतून कोणी गिरजाबाई माझ्या राहुटीवर आल्या नाहीत. कदाचित कोणी यायला निघाल्या असतील आणि आमचा तळ पुढे हलला असेल.

हा अंक त्या बाजूलाही जातो असे ऐकतो. तुमचे वावर हलके असून त्याला भारी जमिनीचा सारा बसला असेल, आणि त्यात एखादे जुने, दाट सावलीचे झाड असेल, तर देवाला किंवा सरकारला बोल लावू नका. तिथे मी उभा होतो.